मोहोराच्या तोंडावर तेल नको : ठाण्यातल्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि उद्यान उपसमितीचे सदस्य,
घोडबंदर रस्ता, कोलशेत, बाळकूम, माजिवडा, मानपाडा व ठाणे शहरातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

माहितीसाठी : वृक्ष प्राधिकरण, ठाणे महानगरपालिका

विषय : फळझाडांवरील ‘हिवाळी डॉर्मंट ऑइल स्प्रे’च्या वार्षिक कंत्राटाबाबत

सप्रेम नमस्कार.

आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या ‘डॉर्मंट’, म्हणजे झाड निजलेलं असताना मारायच्या, तेलफवारणीचं एक कोटेशन फिरतंय. आमच्याकडे आलं, शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये गेलं, कोलशेतला राहणाऱ्या मैत्रिणीकडेही पोचलं. मजकूर तोच, वरचं नाव आणि खालची रक्कम तेवढी वेगळी. आंबा, चिकू, नारळ, पेरू, सीताफळ, लिंबू, म्हणजे आवारात जे जे फळझाड असेल त्याला डिसेंबरअखेर एक आणि जानेवारीत दुसरी फवारणी. दोन टक्के मिनरल ऑइल, त्याच टाकीत एक कीटकनाशक आणि गंधकाचं बुरशीनाशक. झाडामागे ठरावीक दर, उंच झाडांना शिडीचे वेगळे पैसे, आणि तळाशी ठळक अक्षरांत ‘वर्षभर कीडमुक्त बाग’.

या कोटेशनवर सही करू नका, एवढं सांगायला हे पत्र. दर महाग की स्वस्त या वादात मी पडत नाही. फुकट करून देत असतील तरी नको. डिसेंबर-जानेवारीत ठाण्यातला आंबा विश्रांती घेत नसतो, मोहोरत असतो. ज्या फवारणीचं सगळं शहाणपण झाड निजलेलं असण्यावर उभं आहे, ती मोहोरावर मारायची म्हणजे पदरचे पैसे देऊन कैऱ्या घालवायच्या.

मी तेलाच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. फळझाडांच्या औषधांत मला सगळ्यात जास्त भरवसा तेलाचाच वाटतो. तेल किडीला विष घालत नाही, तिचा श्वास कोंडतं. खवले कीड, पिठ्या ढेकूण, पानांचा रस शोषणारे बारीक कोळी यांच्या अंगावर तेलाचा पातळ थर बसला की श्वासाची छिद्रं बुजतात, अंड्यांनाही कवचातून हवा मिळेनाशी होते. म्हणूनच किडींना तेलाची सवय होत नाही. एकेक नवं कीटकनाशक काही वर्षांत पचवून बसणाऱ्या किडींना तेल पचवता आलेलं नाही. थर सुकला की काम संपलं; नंतर झाडावर येणाऱ्या मित्रकिडींसाठी मागे विष उरत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. जिथं तेल पोचलं नाही तिथली कीड जिवंत राहते. तेल झाडात भिनत नाही, पानाच्या वरच्या बाजूवर मारलं तर खालच्या बाजूला उतरत नाही, आणि महिन्याभराने येणाऱ्या किडीची वाट बघत तर अजिबात बसत नाही. तेव्हा ‘वर्षभर कीडमुक्त’ हे वचन देणाऱ्याला एक तर तेल माहीत नाही, किंवा टाकीत तेलाबरोबर जे दुसरं काही आहे त्याच्या जिवावर तो बोलतोय.

ही फवारणी मुळात थंड मुलखातली. नोकरीच्या काळात हिमाचलातल्या सफरचंदाच्या बागांशी माझा संबंध आला, तिथं ती जवळून बघितली. सफरचंदाची कळी नीट फुटायला थंडीचे शेकडो तास लागतात, साधारण ७ अंश सेल्सियसच्या खालचे. हिवाळ्यात झाडावर एक पान राहत नाही. सॅन होजे स्केल ही खवले कीड राखाडी ठिपक्यांसारखी सालीला चिकटून बसलेली असते. कॅलिफोर्नियातल्या गावावरून तिला हे नाव पडलं आणि जगभरच्या सफरचंदवाल्यांच्या डोक्याला तिने ताप दिला. लाल कोळ्याची अंडी फांद्यांच्या बेचक्यांत, कधी कधी इतकी दाट की साल विटकरी दिसते. वसंताच्या सुरुवातीला बागवान कळ्यांवर नजर ठेवून असतात. कळीच्या टोकाला अर्धा इंच हिरवं दिसलं, ज्याला ते ‘हाफ इंच ग्रीन’ म्हणतात, की २०० लिटरच्या ड्रमात ४ लिटर तेल. तुमच्या कोटेशनमधले दोन टक्के आले ते इथून. वेळ अशी नेमकी धरायचं कारणही आहे : अंडी उबायच्या बेतात असतात, त्यांचा श्वास वाढलेला असतो, म्हणून तेल तेव्हा सर्वांत जास्त लागू पडतं. हवा गोठायच्या बेतात असेल तर मात्र थांबतात, कारण तशा गारठ्यात तेल झाडालाच इजा करतं.

पानं नसल्यामुळे फांदीचा इंच न् इंच भिजतो. पानं नसल्यामुळे जळायलाही काही नसतं. कीड सालीवर उघडी बसलेली असते. या तीन गोष्टींच्या जोरावर तिथं दोन टक्के तेल चालतं, आणि ठाण्यात या तिन्ही गोष्टी नाहीत. झाडाला पान फुटल्यावर हिमाचलातसुद्धा तेलाचं प्रमाण निम्म्यावर आणतात. आपल्याकडे तर वर्षाचे बारा महिने पान असतं.

आपला आंबा पाहा. पाऊस सरला की ऑक्टोबरच्या उन्हात बऱ्याच झाडांना तांबूस-पोपटी पालवी फुटते. ती हळूहळू जून होते, थंडी लागली की शेंड्याचे डोळे, म्हणजे मिटलेल्या कळ्या, फुगतात, आणि नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत, काही झाडांवर फेब्रुवारीतही, मोहोर येत राहतो. एकाच झाडाची एक बाजू मोहोराने भरलेली आणि दुसरी कोवळ्या पालवीत, हे दृश्य मानपाड्यापासून ओवळ्यापर्यंत कुठल्याही जुन्या झाडाखाली उभं राहिलात तर दिसेल. त्यातली पुष्कळ झाडं टॉवर येण्याआधीच्या वाड्यांमधली, बिल्डरच्या तावडीतून कशीबशी सुटलेली. कलमी नाहीत, रायवळ आहेत. त्यामुळे प्रत्येकाचा पंचांग वेगळा. एका तारखेला सगळ्यांवर एकच फवारणी करायची तर निदान निम्म्यांच्या वाट्याला ती चुकीच्या वेळी येणार.

मोहोरावर तेल पडलं की फुलं करपतात, हा एक तोटा. दुसरा कुणाच्या लक्षात येत नाही. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात. घरमाश्या, चकचकीत निळ्या-हिरव्या माश्या, फुलांपुढे हवेत तरंगणाऱ्या पट्टेदार माश्या आणि जोडीला मधमाश्या. ज्यांना आपण खिडकीतून हाकलतो, त्याच आपल्या कैऱ्या धरून देतात. ऐन फुलोऱ्यात टाकीतल्या कीटकनाशकाने आधी त्या मरतात. मग मार्चमध्ये झाडाखाली उभं राहून आपण म्हणायचं, यंदा हवामानच खराब होतं.

तिसरी गोष्ट गंधकाची. आंब्यावरच्या भुरी या बुरशीरोगाला गंधक वापरतात, त्यात गैर काही नाही. पण तेल आणि गंधक एकत्र आलं की पान भाजतं, हे दोन्हींच्या डब्यांवरच्या माहितीपत्रकात असतं. एका टाकीत तर नाहीच, दोन फवारण्यांमध्येही निदान महिन्याचं अंतर ठेवावं. हे कोटेशन ज्याने लिहिलं त्याने तेलाचं माहितीपत्रक उघडलेलं नाही, असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

आता कुणी म्हणेल, मोहोरावर फवारणी कोकणातले बागायतदारही करतात. करतात. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे आणि भुरी यांच्यासाठी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं टप्प्याटप्प्याने करायच्या फवारण्यांचं वेळापत्रक आहे, आणि ज्याचं वर्षाचं पोट त्या मोहोरावर आहे तो ते पाळतो. तुमच्या आवारातल्या चार झाडांचा आंबा वाशीच्या फळबाजारात जायचा नाहीये. त्या झाडांखाली मुलं खेळतात, आजोबा बाकावर बसतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोरीवरचे कपडे फांदीला टेकलेले असतात. इथं तुडतुड्यांमुळे थोडा मोहोर गळला तर गळू द्या.

यादीतलं एकच झाड हिमाचलच्या सफरचंदासारखं वागतं, ते सीताफळ. हिवाळा सरताना ते पानं टाकतं आणि काही आठवडे जवळजवळ उघडं राहतं. पिठ्या ढेकूण सालीच्या भेगांत लपलेला असतो, तोच पुढे फळाच्या खाचांत जाऊन बसतो. उघड्या फांद्यांवर, सकाळच्या गारव्यात, फुटवे यायच्या आधी तेलाचा हात मारायचा तर याच झाडावर मारा. बोराचं उलटं आहे. ते एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात पानं झाडतं आणि तेव्हाच त्याची छाटणी करतात. पण त्या उन्हात तेल म्हणजे तळणीच. चिकूला तर विश्रांती ठाऊकच नाही, फूल आणि फळ एका फांदीवर बाराही महिने. त्याच्यावर सरसकट काही मारू नये. पेरूवर आणि लिंबावर जिथं कीड दिसेल तेवढ्याच फांद्या हाताळल्या की भागतं.

खरं सांगू का, ही फवारणीची मागणी बागेतून येत नाही. ती पार्किंगमधून येते. गाडीच्या टपावर चिकट थर, त्यावर काळी बुरशी, काचेवर वायपर फिरवला की सगळं फासलं जातं, आणि मग सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठतं : ते झाड कापा, नाहीतर औषध मारा. मलाही गाडी पुसावी लागते, त्यामुळे राग समजतो. पण हा चिकटा कुठून येतो ते एकदा पाहून घ्या. नारळाखाली गाडी असेल तर झावळीची खालची बाजू बघा. पांढऱ्या मेणकट वर्तुळांत अंडी घातलेली दिसली तर ती चक्राकार पांढरी माशी. तिची रुगोज नावाची जात भारतात २०१६ मध्ये तामिळनाडूतल्या पोल्लाचीच्या बाजूला पहिल्यांदा सापडली आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्याने पसरली. ती रस शोषते, गोड चिकटा टाकते, चिकट्यावर काळी काजळी धरते. झाड त्याने मरत नाही. कासारगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेचा सल्ला असा, की या माशीवर रासायनिक कीटकनाशकं मारू नयेत, कारण एन्कार्सिया नावाची टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी तिची पिल्लं आतून खाऊन टाकते आणि फवारणीत आधी तीच संपते. फारच उपद्रव असेल तर झावळ्यांच्या खालच्या बाजूला निमतेलाचं अर्धा टक्का द्रावण. काळी काजळी घालवायला पातळ स्टार्च फवारतात. ते वाळलं की पापुद्रा सुटून काजळी गळून पडते.

पपईची गोष्टही यातलीच आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला आढळला आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद, जे सापडेल त्यावर चढला. लोकांनी मिळेल ते औषध मारलं, तरी तो हटेना. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याचे नैसर्गिक शत्रू आणले, त्यातल्या ॲसेरोफॅगस पपाये या सूक्ष्म गांधीलमाशीने तो आटोक्यात आणला. फवारणीची टाकी घेऊन जे जमलं नव्हतं ते तिने केलं. आपल्या आवारातही अशी मंडळी फुकट कामाला आहेत. क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी झाकलेली असते, दिसायला थेट मोठ्या पिठ्या ढेकणासारखी, आणि ती त्यांनाच खाते. माळी तिलाही कीड समजून चिरडतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी दाखवलेली नसते. वेगाने चालणारी ‘पांढरी कीड’ दिसली तर हात आवरा. पिठ्या ढेकूण असा पळत नाही.

तेल कशावर चालत नाही, हेही समितीला माहीत हवं, म्हणजे पुढचं कोटेशन आलं की तुम्हीच प्रश्न विचारू शकाल. प्रौढ तुडतुडे माणसाची चाहूल लागताच उडून जातात, तेल त्यांच्यासाठी थांबत नाही. खोडकिडा लाकडाच्या आत असतो. खोडाच्या भोकातून भुसा पडताना दिसला की तारेने अळी ओढून काढायची आणि भोक औषधाचा बोळा घालून मातीने लिंपायचं, वरून कितीही तेल ओता, आतल्याला कळणारही नाही. फळमाशी फळाच्या आत अंडी घालते. तिच्यासाठी दापोलीच्याच विद्यापीठाने काढलेला ‘रक्षक’ सापळा टांगा, झाडाखालची पडकी फळं रोज उचला, आणि खालच्या फांद्यांवर हात पोचत असेल तर फळ अंड्याएवढं झालं की वर्तमानपत्राच्या पिशव्या बांधा. पिशव्यांचं काम सोसायटीतली शाळकरी मुलं एका सकाळीत करतात आणि कुठल्याही फवारणीपेक्षा चोख करतात.

मग आंब्यावर तेल मारायचं कधी? इथं खरी पंचाईत आहे. तेलाला फार ऊन चालत नाही. पारा ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर पानं भाजायची भीती. फार दमट हवा चालत नाही, कारण थर लवकर वाळत नाही. तहानलेलं झाड चालत नाही. कोवळी पालवी चालत नाही, फूल चालत नाही. आता ठाण्याचं वर्ष डोळ्यांसमोर आणा : जून ते सप्टेंबर पाऊस, ऑक्टोबरात उकाडा आणि पालवी, डिसेंबर-जानेवारीत हवा तेलाला अगदी मानवेल अशी पण झाड मोहोरात, मार्चपासून फळं आणि ऊन. हवा अनुकूल तेव्हा झाड नाही, झाड शांत तेव्हा हवा नाही. ज्या वर्षी थंडी लवकर पडते आणि मोहोर लांबतो त्या वर्षी नोव्हेंबरअखेर काही दिवसांची फट मिळते, तीही झाडागणिक वेगळी. पानं गडद, जून झालेली आणि शेंड्याचे डोळे घट्ट मिटलेले असतील, झाडावर खवले कीड खरोखरच असेल, तर त्या झाडावर पाव ते अर्धा दिवस खर्च करून पहाटेच्या गारव्यात एक टक्क्याच्या आत तेल मारता येतं. आधी एका फांदीवर मारून तीन दिवस थांबा. डोळे टोकदार होऊन फुगायला लागलेत असं दिसलं की विषय बंद, पुढच्या वर्षी.

बाकी पिठ्या ढेकणासाठी सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे पाण्याचा जोरदार पाइप. पानांच्या खालून मारलेला झोत त्यांना खाली पाडतो, पडलेले बहुतेक परत वर चढत नाहीत. जे जमिनीतून खोडावर चढतात त्यांच्यासाठी खोडाभोवती प्लास्टिकची रुंद पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावायचं. ग्रीस पट्टीवर, सालीवर नाही. याने मुंग्याही अडतात, आणि मुंग्या अडणं फार महत्त्वाचं, कारण चिकट्याच्या लोभाने मुंग्या पिठ्या ढेकणांची राखण करतात, त्यांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. एवढं करूनही उरलेल्या फांद्यांवर तयार निमतेल, लिटरला ५ मिली, सूर्य कलल्यावर. निमाचं सत्त्व उन्हात टिकत नाही म्हणून संध्याकाळ, आणि कालवलेलं द्रावण उद्यासाठी ठेवायचं नाही.

तेल म्हटलं की आपल्याकडे आणखी एक उद्योग चालतो, त्याबद्दल दोन शब्द. गॅरेजमधलं जळकं ऑइल खोडांना फासणं. वाळवी येत नाही, मुंग्या येत नाहीत, आणि कंत्राटदाराला ते फुकट मिळतं. बागेसाठीचं मिनरल ऑइल पानं जाळणारे घटक काढून टाकून शुद्ध केलेलं असतं, ते पाण्यात मिसळावं म्हणून इमल्सिफायर घातलेलं असतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनाची सगळी घाण असते. ते साल गुदमरवतं आणि पहिल्या पावसात मुळाशी उतरतं. रॉकेल तसंच. कपड्याच्या पावडरीचा फेसही तसाच, पानांचं मेण धुऊन काढतो. तुमच्या आवारातल्या झाडांची खोडं काळी चकचकीत दिसत असतील तर ती कशाने, हे आधी विचारा. गेरू-चुन्याचे पट्टे हवे तर काढा, त्याने झाडाचं काही बिघडत नाही आणि स्वातंत्र्यदिनाला फोटो बरे येतात.

फवारणी करणाऱ्या माणसाकडे बघायलाही आपण विसरतो. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी पायात स्लिपर, हातमोजे नाहीत, तोंडाला गमछा, आणि वाऱ्याकडे तोंड करून उभा असलेला कुणी विशीतला पोरगा. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले, तेव्हा आपण सगळे हळहळलो. तेच औषध आपल्या फाटकाच्या आत, आपल्याच पैशाने, कुठल्याही संरक्षणाशिवाय मारून घेताना मात्र कुणाला काही वाटत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालच्या नियमांनुसार व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्याला परवाना लागतो. तो मागा. डबा मागा, मोकळ्या बाटलीतलं ‘औषध’ नको. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल किंवा पिवळा त्रिकोण सोसायटीच्या आवारात शिरू देऊ नये, असा ठराव करायला सर्वसाधारण सभेला पाच मिनिटं पुरतात. लेबलवर आंब्याचं नाव आहे का हेही वाचा. इमारतीच्या पायातल्या वाळवीसाठी घेतलेलं औषध उरलं म्हणून झाडावर मारल्याचं मी ठाण्यात पाहिलंय.

वृक्ष प्राधिकरणाला या पत्राची प्रत देते आहे ती दोन गोष्टींसाठी. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमामुळे फांद्या छाटायला तुमची परवानगी लागते, आणि ती लागायलाच हवी. पण कीड लागलेल्या, वाळलेल्या, आत गर्दी केलेल्या चार फांद्या काढायलाही तोच लांबचा रस्ता असेल, तर समित्या छाटणीचा नाद सोडून फवारणीकडे वळतात, कारण फवारणीला कुणाची परवानगी लागत नाही. कीडग्रस्त फांद्यांसाठी वेगळा, छोटा अर्ज आणि उद्यान विभागाच्या माणसाची एक भेट, एवढी सोय झाली तर शहरातलं निम्मं औषध वाचेल. २०२१ च्या सुधारणेनंतर ५० वर्षांवरची झाडं वारसा वृक्ष मानली जातात. घोडबंदर पट्ट्यातले कितीतरी रायवळ आंबे त्यात बसतील. त्यांच्यावर कोण काय फवारतं याची नोंद कुठेच होत नाही, ती व्हावी.

दुसरी गोष्ट बुंध्याभोवतीच्या काँक्रीटची. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला टेकवलेल्या झाडाला पावसाळ्यातही पाणी पोचत नाही. असं झाड आधीच कासावीस असतं, कीड त्याच्यावरच जास्त येते, आणि तेलाची इजाही त्यालाच जास्त होते. बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी करा, ही सूचना पालिकेने सोसायट्यांना लेखी दिली तर कंत्राटदाराला ती झटकता येणार नाही.

समित्यांसाठी शेवटचं. बाग पाहणाऱ्याबरोबरच्या करारातून ‘प्रतिबंधात्मक फवारणी’ ही ओळ काढून टाका आणि तिच्या जागी ‘महिन्यातून एकदा पाहणी’ घाला. पाहणीत प्रत्येक फळझाडापुढे काय दिसलं ते लिहायचं : पालवी, मोहोर की फळ, कीड कोणती, पानाच्या वर की खाली. औषध लागलंच तर कोणतं, किती, कुठल्या झाडावर, हे दोन दिवस आधी फलकावर. मग रहिवासी खिडक्या लावतील, कपडे काढतील, कुत्री-मांजरं घरात ठेवतील. रिकामा डबा माळ्याच्या घरी पाणी भरायला जाता कामा नये. तो भोक पाडून कंत्राटदारानेच परत न्यायचा, आणि तशी सही घ्यायची.

आमच्या समितीची बैठक येत्या रविवारी आहे, तिथं मी हेच मांडणार आहे. तुमच्याकडचं कोटेशन अजून सहीविना पडून असेल तर त्याआधी तुमची झाडं बघायला मी येते. सकाळी लवकर बोलवा, उन्हात पानाच्या खालचं दिसत नाही. भिंग माझ्याकडे आहे. शिडी तुमची लागेल.

आपली,
मानपाड्यातील एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)